सुकाणू नेमके कुठे आहे? धक्क्याला लागणाऱ्या यांत्रिक बोटी आणि सुकाणूदर्शकाची उपयुक्तता

निपाणीहून मुदाळ तिट्टा, राधानगरी आणि दाजीपूरमार्गे फोंडाघाट उतरणारा राज्यमार्ग देवगडच्या बंदराशी जाऊन संपतो. सीमाभागाला समुद्राशी जोडणाऱ्या या वाटेच्या टोकाला ज्या यांत्रिक मासेमारी बोटी उभ्या असतात, त्यांच्या तांडेलाची, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाची, कसोटी खोल पाण्यात जितकी लागते त्याहून अधिक ती बंदरात परतल्यावर, धक्क्यापासून शेवटच्या वीस-तीस मीटरांत लागते. वेग जवळजवळ संपलेला, बाजूला दुसऱ्या बोटींची रांग, ओहोटीचे पाणी बोटीला एका दिशेला खेचणारे आणि दुपारनंतरचा वायव्येचा वारा दुसऱ्या दिशेला ढकलणारा, अशा स्थितीत इंजिनाला झटका देण्यापूर्वी सुकाणू नेमके कोणत्या कोनात आहे हे ठाऊक असणे किती महत्त्वाचे आहे, ते ठाऊक करून देणारे छोटे उपकरण बोटीवर बसवणे कितपत उपयुक्त ठरते, आणि कोणत्या बोटीला त्याची गरज नाही, या प्रश्नाचा आढावा येथे घेतला आहे. सुकाणूचा कोन चालकासमोरच्या तबकडीवर दाखवणाऱ्या या उपकरणाला पुढील विवेचनात सुकाणूदर्शक म्हटले आहे.

सुकाणू स्वतः बोट वळवत नाही. त्याच्या पात्यावरून वाहणारे पाणी बाजूला फेकले जाते आणि त्या फेकण्याच्या प्रतिक्रियेने बोटीची मागील बाजू विरुद्ध दिशेला सरकते. म्हणून पाणी वाहत नसेल तर सुकाणू कितीही फिरवले तरी परिणाम शून्य असतो. मराठ्यांच्या आरमारातील गुराब जातीच्या शिडाच्या जहाजांना वारा पडल्यावर वल्ह्यांच्या गलबतांनी ओढून नेण्याची जी पद्धत होती, तिच्यामागेही हीच अडचण होती, कारण गती नसलेल्या जहाजाचे सुकाणू निरुपयोगी असते. इंजिन आल्यावर या अडचणीवर एक तोड निघाली. पंखा सुकाणूच्या लगेच पुढे असल्यामुळे बोट जवळजवळ थांबलेली असतानाही पंख्याने मागे फेकलेला पाण्याचा झोत थेट सुकाणूवर आदळतो, आणि त्या एका क्षणापुरते सुकाणू पूर्ण ताकदीने काम करते. बोटीला पुढे जाण्याइतका वेग मिळण्याआधीच इंजिन पुन्हा मोकळे केले, तर बोट फारशी पुढे न सरता जागच्या जागी वळते. धक्क्याला लागण्याची सारी कला या छोट्या झटक्यांवर उभी आहे, आणि झटका देण्यापूर्वी सुकाणूची स्थिती माहीत असण्याचे महत्त्वही येथूनच येते.

मोकळ्या समुद्रात चाक थोडे चुकीचे फिरले तर बोटीचे तोंड हळूहळू भलतीकडे जाऊ लागते, तांडेलाच्या ते ध्यानात येते आणि तो चाक परतवतो. तेथे बोटीचे वळणे हाच सुकाणूचा दर्शक असतो. धक्क्याजवळ ही सोय उरत नाही. इंजिन मोकळे असताना चाक डावीउजवीकडे कितीही फिरले तरी बोट काहीच सांगत नाही, आणि पुढच्या झटक्याला मात्र ती सुकाणू जिथे राहिले असेल त्या दिशेने एकदम वळते. चूक कळते ती ती घडून गेल्यावर, आणि तोवर धक्का किंवा शेजारच्या बोटीची कड हातभर अंतरावर आलेली असते. या विषयावरील बरेचसे लेखन उपकरणाच्या निवडीत गुंतून पडते. परंतु गती आणि माहिती यांच्यातील हा संबंध समजून घेतल्याशिवाय कोणते उपकरण घ्यावे या चर्चेला अर्थ नाही.

एका पंख्याची बोट डाव्या बाजूने धक्क्याला लावण्याचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होते. बोटीचा पंखा उजव्या फिरतीचा, म्हणजे पुढे जाताना मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारा आहे असे धरू. तांडेल वीस-तीस अंशांच्या तिरकस रेषेने धक्क्याकडे येतो. या वेळी नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, धक्क्याकडे असते. पुरेसे जवळ आल्यावर तो सुकाणू उजवीकडे, धक्क्यापासून दूर, पूर्ण फिरवतो आणि पुढचा एक छोटा झटका देतो. त्यामुळे नाळ बाहेर वळते आणि मागील बाजू धक्क्याकडे येते. त्यानंतर इंजिन उलटे टाकले की गती मोडते, आणि उलट फिरणारा पंखा मागील बाजूला आणखी डावीकडे, म्हणजे धक्क्याकडेच, ओढतो. पंख्याच्या फिरण्यामुळे मिळणारी ही आडवी ओढ उलट्या गतीत विशेष जाणवते, कारण त्या वेळी पंख्याचा झोत पुढे फेकला जातो, तो सुकाणूवर पडत नाही आणि सुकाणूचा प्रभाव अगदी कमी होतो. आता या क्रमात सुकाणू उजवीकडे गेले आहे असे समजून दिलेला झटका प्रत्यक्षात ते अजून डावीकडे असताना दिला गेला, तर बोटीची नाळ सरळ धक्क्यावर चालून जाते. क्रम तोच, ताकद तीच. फरक फक्त सुकाणूच्या कोनाचा.

तांडेलाला हा कोन हाताला का कळू नये, याचे उत्तर सुकाणू फिरवण्याच्या यंत्रणेत आहे. मागे बसून हातदांड्याने सुकाणू धरणाऱ्या होडीत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण दांडा ज्या कोनात दिसतो त्याच कोनात खाली सुकाणू असते. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा आणि वेदगंगेच्या काठच्या लोकांनी ज्या बचाव बोटी पाहिल्या, त्यांची जातही हीच. हवा भरलेल्या रबरी बोटीच्या मागे टांगलेले इंजिन चालक हातानेच वळवतो, तेथे वेगळे सुकाणू नसतेच, पंख्याचा झोतच दिशा बदलतो आणि त्या झोताची दिशा चालकाच्या मुठीत असते. अशा बोटीवर दर्शक बसवणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. मात्र तसेच बाहेरचे इंजिन चाकाने वळवले जात असेल आणि चालक पुढे बसत असेल, तर प्रश्न पुन्हा जिवंत होतो, किंबहुना अधिक तीव्र होतो, कारण तेथे चुकीच्या कोनात दिलेला झटका सुकाणूवरून न वळता सगळाच्या सगळा चुकीच्या दिशेला जातो.

चाक आणि सुकाणू यांना साखळी, दोर किंवा तारेच्या केबलने जोडणारी यंत्रणा ही मधली पायरी आहे. येथे चाकाचे आणि सुकाणूचे नाते पक्के असते. साखळी ताणलेली असेल तर चाकाचा ठरावीक आरा वर आला की सुकाणू मध्यभागी असते. जगभरच्या नावाड्यांनी या आऱ्यावर दोरीची गाठ गुंफून ठेवण्याची पद्धत शतकभराहून अधिक काळ पाळली, कारण अंधारातही ती गाठ हाताला लागते. आज रंगीत चिकटपट्टीनेही तेच काम होते. अडचण इतकीच की चाकाला एकाहून अधिक फेरे असतात, त्यामुळे गाठ वर आली म्हणजे सुकाणू मध्यभागीच असेल असे नाही. ते एक पूर्ण फेरा डावीकडे किंवा उजवीकडेही असू शकते. शिवाय साखळी सैल पडली, कप्पी झिजली की चाकाचे काही अंश वाया जातात आणि खूण खोटी ठरू लागते.

दर्शकाची खरी गरज निर्माण केली ती हायड्रॉलिक सुकाणू यंत्रणेने. या यंत्रणेत चाकाला लहान पंप जोडलेला असतो, चाक फिरवले की तो तेल नळीतून मागच्या दट्ट्याकडे ढकलतो आणि दट्ट्या सुकाणूच्या दांड्यावरील आडव्या हाताला ओढतो किंवा लोटतो. चाक हलके फिरते, लाटांचे हिसके हाताला बसत नाहीत, लांबच्या नळ्या कोठूनही वळवून नेता येतात. हे सर्व फायदे खरे आहेत. परंतु चाक आणि सुकाणू यांच्यामध्ये आता घन पदार्थाचा दुवा उरत नाही, तेल उरते, आणि तेल पंपाच्या आतून व दट्ट्याच्या वायसरांवरून थोडे थोडे निसटते. सुकाणू टोकाला टेकल्यावरही चाक जोराने फिरवत राहिले तर ते सरकत राहते. परिणामी आज वर असलेला आरा उद्या बाजूला गेलेला असतो आणि चाकावरची कोणतीही खूण टिकत नाही. बेळगावच्या वाचकाला हे नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही, कारण मच्छेच्या पॉलिहायड्रॉनसारख्या कारखान्यांमुळे हायड्रॉलिक पंप आणि झडपा हा त्या शहराचा परिचित उद्योग आहे, आणि पंपातून होणारी अंतर्गत गळती हा दोष नसून त्या यंत्रप्रकाराचा स्वभाव आहे हे तेथील कारागीर जाणतात.

दर्शक नसलेल्या हायड्रॉलिक बोटीवर एक जुनी युक्ती वापरली जाते, आणि ती प्रत्येक चालकाने शिकून ठेवण्यासारखी आहे. धक्क्याजवळ येण्यापूर्वी, मोकळ्या पाण्यात, चाक एका बाजूला टेकेपर्यंत फिरवावे आणि मग दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजावेत. ते पाच भरले तर कोणत्याही टोकापासून अडीच फेरे परत आल्यावर सुकाणू मध्यभागी येते. ही युक्ती बिनखर्चाची आहे, पण ती मोजणीवर चालते, आणि दोर फेकणाऱ्या खलाशाला हाक देताना, बाजूच्या बोटीला हात करताना मोजणी सुटते. शिवाय ती मध्य सांगते, मधले कोन सांगत नाही. दर्शक हे स्मरणावरचे ओझे काढून घेतो, आणि हाच त्याचा मुख्य उपयोग मानला पाहिजे.

दोन इंजिनांच्या बोटींत हा उपयोग वेगळ्या रूपाने दिसतो. दोन पंख्यांपैकी एक पुढे आणि दुसरा मागे चालवला तर बोट जागच्या जागी फिरते, म्हणून अनुभवी चालक धक्क्याजवळ चाकाला हात लावत नाही. सुकाणू मध्यभागी ठेवून केवळ इंजिनांच्या दोन दांड्यांनी बोट लावतो. या साऱ्या पद्धतीचा पाया सुकाणू खरोखर मध्यभागी असण्यावर आहे. ते दहा-पंधरा अंश एकीकडे राहिले असेल तर एका बाजूचे वळण अपेक्षेपेक्षा जोरात आणि दुसऱ्या बाजूचे अगदी मंद होते, आणि चालक वाऱ्याला किंवा प्रवाहाला दोष देत राहतो. अशा बोटीवर दर्शक इतर कोणत्याही बोटीपेक्षा अधिक मोलाचा ठरतो, कारण येथे तो धक्क्याकडे वळण्यापूर्वी एकदाच पाहायचा असतो आणि त्या एका नजरेत प्रश्न मिटतो.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत हा वाद केव्हाच मिटलेला आहे. सागरी जीवसुरक्षेच्या 1974 च्या आंतरराष्ट्रीय कराराने, म्हणजे सोलासने, 500 टन आणि त्याहून अधिक सकल टनभाराच्या जहाजांवर सुकाणूचा कोन दाखवणारे साधन आवश्यक ठरवले आहे. त्याच करारात सुकाणू एका बाजूच्या 35 अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांपर्यंत 28 सेकंदांत फिरले पाहिजे अशी अट आहे, आणि यंत्रशक्तीने चालणाऱ्या सुकाणूचा दर्शक सुकाणूच्या नियंत्रण यंत्रणेपासून स्वतंत्र असावा असेही बजावलेले आहे. शेवटची अट लहान बोटींसाठीही विचार करण्याजोगी आहे, कारण चाकाने काय आज्ञा दिली हे दाखवणारा दर्शक आणि सुकाणू प्रत्यक्षात कुठे गेले हे दाखवणारा दर्शक यांत फरक आहे, आणि बिघाडाच्या वेळी जीव वाचवतो तो दुसरा. कोकणातील मासेमारी बोटी आणि लाँची या टनभाराच्या कितीतरी खाली असल्याने त्यांना ती सक्ती लागू होत नाही. त्यामुळे निर्णय मालकाच्या समजुतीवर राहतो.

उपकरण स्वतः साधे आहे. सुकाणूच्या उभ्या दांड्याजवळ एक सेन्सर बसवतात. जुन्या प्रकारात तो फिरता विद्युत्-रोधक असतो, म्हणजे त्याची भुजा फिरली की विजेला होणारा अडथळा कमी-जास्त होतो आणि त्याप्रमाणे चालकासमोरच्या तबकडीतील काटा सरकतो. नव्या प्रकारात चुंबकाच्या साहाय्याने, स्पर्शाविना, कोन मोजला जातो, त्यामुळे घासून झिजण्यासारखे काही राहत नाही. रोधकावर चालणारे सेन्सर युरोपीय आणि अमेरिकी अशा भिन्न रोधमूल्यांत मिळतात, आणि एकाचा सेन्सर दुसऱ्याच्या तबकडीला जोडला तर काटा हलतो पण खोटे सांगतो. म्हणून दोन्ही भाग एकाच जोडीचे घ्यावेत. स्वयंचलित सुकाणू असलेल्या बोटीवर कोन मोजणारा सेन्सर अनेकदा आधीच असतो आणि त्याची माहिती बोटीच्या संगणकीय जाळ्यातून पडद्यावर आणता येते. ही सोय स्वस्त पडते. तथापि नकाशा, खोली आणि रडार यांच्या पानांमागे दडलेला सुकाणूचा आकडा धक्क्याजवळ कोणी शोधत बसत नाही. डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा पट्टा असलेली, चाकाच्या वर नजरेच्या रेषेत बसवलेली स्वतंत्र तबकडी हीच या कामाला योग्य आहे. काट्याच्या तबकडीत चुंबक असू शकतो, म्हणून ती होकायंत्रापासून दूर बसवावी.

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र सेन्सर आणि सुकाणू यांच्यामधला जोड हा आहे. सुकाणूच्या दांड्यावरील आडवा हात आणि सेन्सरची भुजा समान लांबीची ठेवून, त्या एकमेकींना समांतर राहतील अशी जोडसळई लावली, तर सुकाणू जितके अंश फिरते तितकेच अंश सेन्सर फिरतो. भुजा लहान-मोठ्या झाल्या की मध्याजवळ बरोबर असलेला काटा टोकाकडे चुकू लागतो. सळईच्या दोन्ही टोकांना गोलाकार सांधे हवेत, त्यांत खेळ नसावा, आणि दोन्ही टोकांच्या 35 अंशांपर्यंत कोठेही अडकण नसावी. अडकलेली सळई सेन्सर मोडते, आणि क्वचित प्रसंगी सुकाणूलाच अडवते. सेन्सर दट्ट्यावर न बसवता सुकाणूच्या दांड्याशी जोडण्याचे कारणही हेच की दट्ट्या आणि सुकाणू यांमधला बोल्ट तुटला तर पहिल्या ठिकाणचा सेन्सर सारे ठीक असल्याचे सांगत राहील. दोन सुकाणूंच्या बोटीत सेन्सर एकाच सुकाणूवर असतो, म्हणून दोघांना जोडणाऱ्या आडव्या सळईची तपासणी वेगळी करावी लागते. मागच्या कोंदट जागेत खारे पाणी साचते, तेव्हा सेन्सर साचपाण्याच्या वर, वायरीचे तांबे कथिलाचा मुलामा दिलेले, जोड सीलबंद आणि वाटेत योग्य क्षमतेचा फ्यूज, ही काळजी घेतल्याशिवाय कोणतेही उपकरण एक पावसाळाही टिकत नाही.

शून्य ठरवण्याचे काम बोट पाण्याबाहेर असतानाच नीट होते. पठाणाच्या, म्हणजे बोटीच्या तळाच्या मुख्य कण्याच्या, रेषेशी सुकाणूचे पाते समांतर आहे हे दोरी ताणून पाहावे, त्या स्थितीत काटा शून्यावर आणावा, आणि मग दोन्ही टोकांचे कोन मोजून तबकडीशी ताडावेत. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि बोटी वर ओढून डागडुजी होते. सुकाणूदर्शक बसवण्यास याहून योग्य काळ नाही. नवा हंगाम सुरू झाल्यावर तांडेलाने शांत पाण्यात काट्याकडे पाहत दोन-चार वेळा बोट लावून पाहिली, म्हणजे किती अंशांना बोट किती वळते याची सवय त्याच्या नजरेला होते. ही सवय नसलेल्या चालकाला दर्शक उलट घातक ठरतो, कारण बाहेर पाहण्याच्या क्षणी तो आत पाहू लागतो.

कोकणातील बंदरांत धक्क्याला लागणे बहुधा धक्क्याला लागणे नसतेच. देवगड असो, रत्नागिरीचे मिरकरवाडा असो किंवा 1875 मध्ये खुला झालेला मुंबईचा ससून डॉक असो, गर्दीच्या दिवशी बोट दुसऱ्या बोटीच्या कडेला लागते, आणि तिसरी तिच्या कडेला. मुंबईकडे मोठ्या भरतीला पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक चढ-उतार करते, गोव्याकडे हा फरक साधारण दोन मीटरांवर येतो. म्हणजे उत्तरेकडे प्रवाह अधिक जोरकस आणि चुकीला जागा कमी. टांगलेले ट्रकचे टायर बरेच धक्के झेलतात, आणि त्यांच्या भरवशावर एक पिढी निभावली हेही खरे. पण लाकडाच्या जागी आलेल्या फायबरच्या बोटींना कडेचा मार भेगांच्या रूपाने आत जाऊन बसतो आणि उशिरा दिसतो. जुन्या धाटणीच्या लाँचवर चाक धरणारा वर आणि इंजिन हाताळणारा खाली असतो व दोघांचा संवाद घंटेच्या ठोक्यांनी चालतो. तेथे झटका मागण्यापूर्वी सुकाणू योग्य जागी आहे याची खात्री असणे अधिकच गरजेचे ठरते, कारण मागितलेला झटका परत घेण्यास एक ठोका उशीर होतो.

या सर्वांवरून निष्कर्षांची उतरंड पुरेशी स्पष्ट होते. हातदांड्याच्या होडीला आणि हाताने वळवायच्या बाहेरच्या इंजिनाला दर्शक नको. साखळीच्या एक-इंजिनी बोटीवर पहिला खर्च साखळीचा ढिलेपणा काढण्यावर व्हावा, दुसरा चाकावरील खुणेवर, आणि दर्शक त्यानंतर. हायड्रॉलिक चाकाच्या बोटीवर, मग ती मासेमारीची असो, प्रवासी असो वा गस्तीची, दर्शक सुरुवातीपासून असायला हवा, आणि दोन इंजिने असतील तर तो नसणे ही बांधणीतील उणीव समजावी. आडवी ओढ देणारे पुढचे छोटे पंखे आणि एकाच दांडीने बोट सरकवणाऱ्या महागड्या संगणकीय यंत्रणा आज उपलब्ध आहेत. परंतु त्यांच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळणारी ही तबकडी न बसवता त्यांच्याकडे धावणे शहाणपणाचे नाही.

तयार सेन्सर बाहेरून विकत घ्यावा लागला तरी त्याला सुकाणूशी जोडणारी भुजा, सळई आणि गंजरोधक पोलादाची बैठक ही प्रत्येक बोटीच्या मापाने वेगळी करावी लागते, आणि नेमकी हीच वस्तू बाजारात तयार मिळत नाही. बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे येथील, तसेच कागल व गोकुळ शिरगावच्या कार्यशाळांना हे काम नवे नाही. या कारखानदारांनी आणि किनाऱ्यावरील मच्छीमार सोसायट्यांनी पुढच्या मासेमारी बंदीपूर्वी एकत्र बसून दोन-तीन प्रचलित मापांच्या बैठका ठरवून घ्याव्यात.